अर्जदाराची पाठ ठीक आहे

गाडी लाकडावर चालवायची असं मी ठरवलं त्यामागे निव्वळ विज्ञान होतं, असं मी आजवर अकरा जणांना सांगितलं आहे. अकरातल्या एकाचाही त्यावर विश्वास बसलेला नाही. आत्या तर मला वाक्यसुद्धा पुरं करू देत नाही. मी "पर्यावरण" एवढं म्हणालो की ती "हो हो, जेव आता" म्हणते.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे आणि मुख्य म्हणजे पेट्रोल पंप तपासणं हे माझं काम. पाच लिटरचं माप घेऊन मी पंपावर उभा राहतो, त्यात पाच लिटर सोडायला लावतो, मापाच्या गळ्यावरच्या रेघेशी डोळा नेतो आणि फरक पंचवीस मिलिलिटरच्या वर गेला की पंपाला शिशाचं सील ठोकतो. अशा माणसाला लबाड कोणी म्हणू शकत नाही. हुशारही कोणी म्हणत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

बायको वन खात्यात मुख्य लिपिक आहे. आमच्या घरात खरा दरारा तिच्या पेनचा. तिच्या टेबलावर आलेली फाइल संध्याकाळच्या आत एकतर पुढे जाते, नाहीतर त्रुटींची यादी गळ्यात बांधून परत जाते. चोवीस वर्षांत तिने एक कागद विनाकारण अडवून ठेवलेला नाही, याचा तिला अभिमान आहे आणि मला थोडी भीती.

तर दहा महिन्यांपूर्वी तिची बदली झाली. जंगलाच्या पलीकडच्या टोकाला त्यांचं एक कार्यालय आहे, तिथे. अंतर चौऱ्याण्णव किलोमीटर, मुदत तीन वर्षं. हुकूम आला तेव्हा ती म्हणाली, "तीन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील." मी म्हणालो, "अगदी." सव्वीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं पटकन एकमत क्वचितच झालं असेल, आणि दोघंही साफ चुकलो होतो.

पहिला महिना मी दर शनिवारी बसने गेलो. चौथ्या आठवड्यात ऑफिसातला शिपाई म्हणाला, "साहेब, शुक्रवार आला की तुमचे बूट चमकायला लागतात." खालच्या मजल्यावरचे बॉयलरसाहेब जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाले, "सव्वीस वर्षांनी एवढी ओढ? आम्हाला तर रात्रपाळी मागून घ्यावी लागली होती." हे गृहस्थ एका कापडगिरणीत तीस वर्षं बॉयलरवर होते, म्हणून हे नाव. हेही मी पोटात घातलं असतं. पण पाचव्या रविवारी बसथांब्यावर खुद्द बायकोच म्हणाली, "दर आठवड्याला कशाला येता? किती दगदग होते. इथे ऑफिसातपण सगळे चिडवतात."

मी म्हणालो, "मला तरी कुठे एवढा वेळ असतो!"

बस सुटली. त्यानंतर मी गेलो नाही. तिने बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. ती घरी यायची ते दोन-तीन महिन्यांतून, तेही आत्याला डॉक्टरकडे न्यायच्या निमित्ताने. उरला संध्याकाळी सातचा फोन.

"जेवलात?"

"सात वाजता कोण जेवतं?"

"आत्यांची गोळी?"

"दिली."

"बरं."

"बरं."

या शेवटच्या 'बरं'नंतर दोघंही फोन थोडा वेळ कानाला तसाच धरून बसायचो. मग कोणीतरी एक जण ठेवायचा.

मला करमत नव्हतं. आज हे दोन शब्दांत लिहायला सोपं वाटतं, पण तेव्हा बोलायची सोय नव्हती. चहाचंच सांगतो. ती करायची तसा चहा व्हावा म्हणून मी पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं खात्याच्या शिस्तीने मोजून घेतलं. एका मिलिलिटरचा फरक नव्हता. तरी तो चहा तिचा होत नव्हता. शेवटी कप ओट्यावर ठेवून मी तसाच उभा राहिलो, तेव्हा आत्याने विचारलं, "काय होतंय?" मी म्हणालो, "पोट दुखतंय." तिने मला तीन दिवस कडू काढा पाजला. चौपन्न वर्षांच्या सरकारी निरीक्षकाने बायकोची आठवण येते म्हणून सांगण्यापेक्षा काढा पिणं परवडलं.

मग एका संध्याकाळी फोनवर ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. "इथे पानगळ आणि मोडलेल्या काटक्यांचा नुसता खच पडलाय. उन्हाळ्यात वणवा लागेल म्हणून आमचे साहेब काळजीत आहेत. कोणी उचलून नेलं तर बरं होईल." चार महिन्यांतलं तिचं ते सर्वांत लांब बोलणं. मी ते दोन दिवस मनात घोळवत होतो. तिसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना एक फाटकं मासिक हाताला लागलं आणि त्यात एक जुना फोटो दिसला. युद्धाच्या काळातली मोटार. पेट्रोल मिळेना म्हणून लोकांनी तिच्या पाठीला पिंप जोडलं होतं आणि ती लाकडावर चालत होती.

डोक्यात लख्ख उजेड पडला. माणसाला बायकोकडे जायला कारण लागतं. पण लाकडावर चालणाऱ्या गाडीला जंगलात जायला कारण लागत नाही. तिथे तिचं इंधनच पडलेलं असतं. दर शनिवारी जाऊन भरून आणावं लागतं, त्याला कोण काय करणार? दात न दाखवताच मी घरी आलो.

आत्याला मी सगळी कृती समजावून दिली. "लाकूड पुरतं जळू द्यायचं नाही. बंद पिंपात, हवा बेताची देऊन, नुसतं धुमसत ठेवायचं. मग त्यातून वायू निघतो. तो गाळायचा, गार करायचा आणि इंजिनात सोडायचा."

आत्या म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखंच. पेट घ्यायचा नाही, नुसतं धुमसायचं."

मी दुर्लक्ष केलं. संशोधकाला घरातून विरोध होतोच.

खाली पार्किंगमध्ये आमची जुनी व्हॅन उभी होती. तिच्यामागे पिंप जोडायला मी नाक्यावरचा वेल्डर गाठला. त्याने आकृती सरळ धरून पाहिली, उलटी धरून पाहिली आणि विचारलं, "साहेब, यात आंघोळीचं पाणी कुठून निघणार?" बंबच तो, असा त्याचा ठाम समज होता आणि तो शेवटपर्यंत टिकला. काम मात्र चोख केलं. फक्त सवयीने खाली एक तोटी बसवून दिली.

बॉयलरसाहेबांना न विचारता पिंप बसवलं याचा त्यांना राग आला, आणि तो त्यांनी रोज सकाळी सल्ला देऊन व्यक्त केला. वाफेवर चालत नाही ते यंत्रच नव्हे, असं त्यांचं मत. आधी शिटी बसवा म्हणाले. शिटीने दाब कळतो. मी म्हणालो, यात दाब नसतोच. "मग शिटी तरी असू द्या," ते म्हणाले. वायू गाळायला काय भरावं यावर मात्र त्यांनी कामाचा सल्ला दिला: काथ्या. काथ्या घरात एकाच ठिकाणी होता, आत्याच्या गादीत. मी थोडासाच काढला. तरी त्या दिवसापासून आत्या डाव्या कुशीवर झोपली की तिला पलंगाची फळी लागते आणि सकाळी ती मला लागते.

पहिली चाचणी रविवारी सकाळी घेतली. लाकूड सुतारगल्लीतून आणलं होतं आणि ते ओलं होतं. ओल्या लाकडातून वायूऐवजी वाफ आणि डांबरासारखा चिकटा निघतो हे मासिकाच्या फाटलेल्या अर्ध्या पानावर असावं. पिंपातून निघालेला पिवळा धूर इंजिनात न जाता जिन्यात गेला आणि चार मजल्यांवरची माणसं जशी होती तशी खाली आली. कशी होती ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'पार्किंगमध्ये पाळीव प्राणी व धूर मोकळे सोडू नयेत.'

मग मी लाकूड वाळवायला घेतलं. हे काम माझ्या खात्यातलं. गच्चीवर तुकडे पसरायचे, रोज संध्याकाळी तोलायचे, वजन घटायचं थांबलं की वाळलं. वहीत नोंदी ठेवल्या. आत्या गच्चीवर आली, पसरलेल्या लाकडांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझी लाकडं जमवायचं तुझं वय, आणि तू कसली जमवतोयस!" पण दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं तेव्हा सगळी लाकडं गोळा करून जिन्यात आणून ठेवली ती तिनेच.

इकडे मी परवानगीचा अर्जही टाकला होता. जंगलातली काटकी उचलायलासुद्धा परवाना लागतो आणि तो देणारं कार्यालय बायकोचं. फोनवर तिला म्हटलं, "अर्ज करतोय."

"करा," ती म्हणाली. "घरचा माणूस म्हणून सूट मिळणार नाही."

"मागतंय कोण?"

आठ दिवसांत पत्र आलं. जाड सरकारी कागद, वर जावक क्रमांक, खाली तिची सही. 'आपल्या अर्जात खालील त्रुटी आढळून आल्या आहेत. एक, वाहनाचे वर्णन अपुरे. दोन, काटक्यांचे अंदाजे वजन नमूद नाही. तीन, अर्जदार स्वतः लाकूड उचलणार असल्यास पाठीच्या दुखण्याबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.'

मी पत्र दोनदा वाचलं. पहिल्या दोन त्रुटी कोणालाही काढता आल्या असत्या. माझी पाठ दुखते हे मात्र या जगात तिघांना माहीत आहे, आणि त्यातले डॉक्टर तर विसरलेत.

मी ऑफिसच्या पद्धतीने उत्तर धाडलं. एक, वर्णन जोडले आहे. दोन, पन्नास किलो. तीन, अर्जदाराची पाठ ठीक आहे, कार्यालयाने काळजी करू नये.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. 'काळजी करावी किंवा कसे, हा कार्यालयाच्या अखत्यारीतील विषय आहे. प्रमाणपत्र जोडावे. तसेच अर्जदार वेळेवर जेवतो किंवा नाही, याबाबत घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचा दाखला सादर करावा.'

आत्याने दाखला दिला. चष्मा लावून, स्वतःच्या हाताने: 'जेवतो, पण लक्ष नसते.' मी म्हणालो, एवढंच लिही की जेवतो. ती म्हणाली, खोटा दाखला मी देणार नाही.

असा पत्रव्यवहार सुरू झाला. दर बुधवारी माझ्या त्रुटी यायच्या आणि दर गुरुवारी मी पूर्तता करून पाठवायचो. 'अर्जदाराने मागील पत्रात शाई बदललेली दिसते. जुने पेन हरवले काय?' 'होय. कार्यालयाने दिलेले होते. शोध चालू आहे.' 'अर्जदाराच्या शहरात सध्या थंडी आहे असे समजते. गरम कपडे कपाटाच्या वरच्या खणात आहेत, याची नोंद घ्यावी.' 'नोंद घेतली. खणाला कार्यालयाचा वास येतो.' हे शेवटचं वाक्य मी पाकीट बंद करून टपालपेटीत टाकल्यावर मला घाम फुटला. सरकारी पत्रात असं कोणी लिहितं? पेटी उघडायच्या वेळेपर्यंत तिथेच थांबून पत्र परत मागावं असं वाटलं. पण टपाल खात्याची वजनं मीच तपासतो, तेव्हा लाज वाटली.

गंमत म्हणजे फोनवर यातलं अक्षरही निघत नव्हतं. सात वाजता पुन्हा तेच. जेवलात, गोळी, बरं, बरं. पत्रांची वाट मात्र मी सोमवारपासून बघायला लागायचो. बुधवारी पोस्टमन जिन्यात दिसला की चौपन्नाव्या वर्षी छातीत जे काही होतं, त्याचं मोजमाप आमच्या खात्याकडे नाही.

सातव्या बुधवारी वेगळंच पत्र आलं. 'अर्जदाराने येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता वाहनासह समक्ष सुनावणीस हजर राहावे.'

एव्हाना व्हॅन चालू लागली होती. अकरा मिनिटं न थांबता इमारतीभोवती फिरली होती आणि बॉयलरसाहेबांनी नाइलाजाने टाळ्या वाजवल्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी खोच काढली. "टाकीत पेट्रोल असताना कसली चाचणी? लोक म्हणतील, पेट्रोलवर गेले आणि लाकडाचा डांगोरा पिटला."

ते लोक म्हणजे तेच होते, पण मुद्दा माझ्या वर्मी लागला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची टाकी तपासली, त्याची टाकी संशयातीत हवी. मी सगळं पेट्रोल काढून त्यांच्या स्कूटरमध्ये ओतलं, टाकीचं झाकण लावलं आणि त्यावर तार ओवून शिशाचं सील ठोकलं. त्यांना साक्षीदार म्हणून सही करायला लावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा छाती फुगली होती.

शनिवारी पहाटे पिंप भरलं आणि मागे एक पोतं ठेवलं. चौऱ्याण्णव किलोमीटरला लागेल तेवढं लाकूड, वर एक किलो जास्त. आत्या खाली पोचवायला आली. मी इस्त्रीचा सदरा घातला होता, बूट चमकवले होते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "विज्ञान छान दिसतंय हो."

साठ किलोमीटर गाडी अशी गेली की माझाच विश्वास बसेना. चढावर धापा टाकायची, उतारावर खोकायची, पण चालत होती. मी दर वीस किलोमीटरवर थांबून लाकडं टाकत होतो आणि प्रत्येक थांब्यावर मनात एकच वाक्य घोळवत होतो. कचेरीत गेल्यावर काय म्हणायचं? 'चाचणी यशस्वी झाली' हे ठरलं होतं. त्याच्या पुढचं जमत नव्हतं.

जंगलाच्या तोंडाशी नाका होता. वनरक्षकाने हात केला. कडक इस्त्रीचा, मिशीवाला माणूस. त्याने पिंपाला प्रदक्षिणा घातली, मग पोत्यात डोकावला.

"लाकूड कुठलं?"

"सुतारगल्लीतलं. उरलेले तुकडे आहेत."

"पावती?"

"तुकड्यांची कोण पावती देतं?"

"मग जंगलातून काढलेलं नाही, हे मी कशावरून समजायचं?"

"अहो, मी जंगलात आत चाललोय! चोरून आणलं असतं तर बाहेर नेलं असतं ना?"

"ते चौकशीत ठरेल," असं म्हणून त्याने पोतं जप्त केलं. पिंपातलं पेटलेलं असल्यामुळे ते जप्त करता येत नाही, असं नियम बघून सांगितलं. तो नोंदवही भरत होता तेवढी चाळीस मिनिटं पिंपातलं लाकूड शांतपणे संपत होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला नाही. त्याची नोंद बिनचूक होती. पोत्याचं वजन मात्र त्याने अंदाजाने लिहिलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं.

कचेरी आठ किलोमीटरवर राहिली आणि व्हॅनने दोन आचके देऊन मान टाकली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पिंपात चिमूटभर राख. टाकीला माझंच सील. आणि चारी बाजूंना, नजर जाईल तिथपर्यंत, गुडघाभर सुक्या काटक्या. चार ओंजळी उचलल्या असत्या तर मी तिच्या दारात असतो.

मी उचलल्या नाहीत. माझा अर्ज प्रलंबित होता.

रस्त्याकडेच्या दगडावर मी बसलो. शिशिरातलं ऊन होतं, पानं गळत होती आणि आठ किलोमीटरवर ती घड्याळ बघत असणार होती. सुनावणीला गैरहजर, असा शेरा तिने कधी कुणाला माफ केला नव्हता. पण खरं दुःख शेऱ्याचं नव्हतं. दोन महिने मी ज्या घटकेची वाट बघत होतो ती समोर दिसत होती आणि हाताला लागत नव्हती. तिथे, त्या रानात, मला तिची इतकी आठवण आली की मी बूट काढून बसलो.

तासाभराने मोटारसायकल आली. तोच वनरक्षक, मागे माझंच पोतं बांधलेलं. जप्त माल कचेरीत जमा करायला निघाला होता.

"काय झालं?"

"इंधन संपलं."

त्याने मागच्या पोत्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. "हे देता येणार नाही," तो ओशाळून म्हणाला. "नोंद झालीय." मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "खाली एवढ्या पडल्यात त्या घ्या की. मी तिकडे तोंड करतो."

"परवाना नाही."

"काखेत कळसा नि गावाला वळसा! अहो, कोण बघतंय?"

"मुख्य लिपिक बाईंना कळेल."

त्याचा चेहरा पडला. "त्यांच्याकडे काम आहे तुमचं?"

"सुनावणी."

"अरेरे," तो मनापासून म्हणाला. त्याने खिशातली लिमलेटची गोळी काढून मला दिली आणि कचेरीत फोन लावला. "बाई, तो लाकडाच्या गाडीवाला अर्जदार रस्त्यातच अडकलाय. नाही, काटकीला हात लावलेला नाही. नाही, नुसता बसलाय. बूट काढून."

जीप वीस मिनिटांत आली. ड्रायव्हरच्या शेजारी ती होती, मांडीवर फाइल घेऊन. उतरली. केस थोडे पिकले होते, चष्म्याची दांडी नवी होती. तीन महिन्यांनी बघत होतो. ठरवलेलं वाक्य मी म्हणून टाकलं.

"चाचणी यशस्वी झाली."

"दिसतंय," ती म्हणाली आणि शेजारच्या दगडावर बसली. फाइल उघडली. वनरक्षक आणि ड्रायव्हर आदराने चार पावलं मागे सरले. सुनावणी सुरू झाली असं सगळेच समजून चालले.

फाइलमध्ये माझी सगळी पत्रं क्रमाने लावलेली होती, पानांवर आकडे घालून. आत्याचा दाखलासुद्धा. तिने ती उलटत उलटत सगळ्यांत खालचा कागद बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. परवाना होता. साहेबांची सही, शिक्का. तारीख पाहिली. मी पहिला अर्ज केला त्याच्या चौथ्या दिवसाची.

"हे..." मी म्हणालो. "हे तर सात आठवड्यांपूर्वीच मंजूर झालंय."

"हो."

"मग कुठे होतं?"

"माझ्या खणात." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "चोवीस वर्षांत पहिल्यांदा फाइल अडवली मी. मंजुरी पाठवली असती तर तुम्ही पत्र कशाला लिहिलं असतंत?"

मागे वनरक्षकाने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी काटक्या उचलाव्यात म्हणून तो जे करणार होता, ते त्याने आता केलं.

"तूच म्हणालीस, येऊ नका," मी म्हणालो.

"म्हणाले. रविवारी तुमची बस वळणावर दिसेनाशी व्हायची ना, की मला पुढचे दोन दिवस काही सुचायचं नाही. आकडे चुकायचे माझे. दर आठवड्याला ते कोण सोसणार? म्हणून म्हटलं, येऊच नका." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "आणि तुम्हीपण काय माणूस हो! लगेच ऐकलंत."

"मला करमत नाही गं," मी म्हणालो. एवढं सोपं होतं ते. पिंप नको, काथ्या नको. "चहासुद्धा जमत नाही."

"हे अर्जात का नाही लिहिलंत?" ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी हातोहात आणून दिला असता परवाना."

मग मी डोळे पुसून परवाना नीट वाचला आणि काटक्या उचलायला वाकलो. तिने माझा हात धरला.

"थांबा. हा परवाना जंगलातल्या कक्ष क्रमांक चारचा आहे. आपण कक्ष क्रमांक दोनमध्ये बसलोय."

तेव्हा जीपला दोर लावून व्हॅन ओढत न्यायचं ठरलं. वनरक्षक पोतं घेऊन पुढे गेला. मी व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसलो, कारण ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही कुणीतरी वळवावं लागतं. ती जीपकडे गेली, फाइल पुढच्या सीटवर ठेवली आणि परत येऊन व्हॅनचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. ड्रायव्हर बघत राहिला.

दोर ताणला गेला. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. नुसती चाकांखाली पानं मोडत होती. आठ किलोमीटर, मग कचेरी, मग उद्याचं परत जाणं, मग अजून दोन वर्षं आणि दोन महिने. दोघांनीही तो हिशोब मनात केला असावा. तिचा हात माझ्या हाताशेजारी होता.

तिने काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

"जरा सावकाश घ्या हो!"

"बाई," ड्रायव्हर ओरडून म्हणाला, "याच्याहून सावकाश घेतली तर गाडी थांबेल."

"मग थांबू दे," ती म्हणाली.